लक्षद्वीपला जायचं, पण कुणाच्या जहाजानं?

मुंबईकराला लक्षद्वीपला पाण्यावरून जायचं असेल तर त्याच्यापुढे दोन पर्याय येतात. एक म्हणजे मुंबई बंदरातून सुटणारी खासगी क्रूझ. घरून टॅक्सी केली की अर्ध्या तासात धक्का. दुसरा म्हणजे रेल्वेनं कोची गाठायची आणि तिथून लक्षद्वीप प्रशासनाचं जहाज पकडायचं. पहिल्यात पोहण्याचा तलाव आहे, दुसऱ्यात बंक आहे. गेले तीन महिने आमच्या परळच्या घरात या दोन जहाजांवरून रोज रात्री जेवताना चर्चा चालू आहे, आणि ती आता नुसती सुट्टीची चर्चा राहिलेली नाही. म्हणून लिहिते आहे.

विमानानं अगत्तीला उतरता येतं. पण ते आमच्या घरात मंजूर होणार नव्हतं. का, ते पुढे येईल.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. 'बेट' हा शब्द आला की वर्गात एक गंमत दरवर्षी करते. मुलांना विचारते, बेट पाहिलंय का? कुणीच हात वर करत नाही. मग सांगते, तुम्ही बसलाय तेच बेट आहे. परळ हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, माहीम आणि परळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मीजवळ बांध घातला गेला, मधली खाडी अडली, भरणी होत गेली आणि बेटाची जमीन झाली. मग उर्दूतला 'जज़ीरा' घेते आणि मुरूडच्या किल्ल्याकडे वळते. 'जंजिरा' हा त्याच अरबी शब्दाचा कोकणी अवतार. सिद्दीचा किल्ला म्हणून पाठ केलेलं नाव आपल्याच भाषेतला शब्द निघाला की मुलांचे डोळे चमकतात. परळला मात्र बेट मानायला ती तयार होत नाहीत. पाणी कुठंय, मॅडम? पावसाळ्यात हिंदमातेला जाऊन बघा, असं मी म्हणते.

तर आमचा हा बेटांचा विषय घरात आणला अब्बांनी. अब्बा आता ७६ वर्षांचे आहेत. आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, आणि त्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत एक पिढी तरी जहाजावर असतेच. कुणी खलाशी, कुणी इंजिनखोलीत, कुणी भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. अब्बांनी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली आणि सारंग होऊन उतरले. डर्बन, रॉटरडॅम, योकोहामा ही नावं आमच्या घरात दापोली-खेडसारखी घेतली जातात. पण आम्हा भावंडांना त्यांनी समुद्रावर कधी नेलं नाही. क्रूझचं नाव काढल्यावर त्यांची पहिली प्रतिक्रिया होती, "बाय, जहाजावर चढायचे लोक पगार देतात. तू पैसे भरून कशाला चढतेस?"

दोन दिवसांनी मात्र त्यांनीच विचारलं, "ते तुझं जहाज मिनिकॉयला जातं का?"

मिनिकॉय हे लक्षद्वीपचं सगळ्यात दक्षिणेचं बेट, तिथल्या लोकांच्या तोंडी मालिकू. बाकीच्या बेटांपासून ते नऊ अंश खाडीनं तोडलेलं आहे आणि त्याच्या दक्षिणेला आठ अंश खाडीपलीकडे मालदीव सुरू होतो. इतर बेटांवर मल्याळमच्या जवळची बोली चालते, मिनिकॉयवर माहल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीची सख्खी बहीण. ती थाना लिपीत, उर्दूसारखीच उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. या लिपीची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत. उर्दू शिकवणाऱ्या बाईला हे कळल्यावर तिनं काय करावं? मी एक आठवडा ती अक्षरं गिरवत बसले होते.

अब्बांचा संबंध लिपीशी नव्हता. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या व्यापारी जहाजांवर काम करत आले आहेत, अगदी आमच्या कोकणातल्यांसारखेच. अब्बांच्या जहाजावर एक मिनिकॉयवाले होते. दोघं चार वर्षं एकाच केबिनमध्ये. एकाला मराठी आणि मोडकी उर्दू, दुसऱ्याला माहल आणि मोडकं मल्याळम. मधली भाषा म्हणजे जहाजावरचं खलाशी हिंदुस्तानी, ज्यात 'आरिया' म्हणजे सोड आणि 'हाबेस' म्हणजे ओढ. पोर्तुगीज, अरबी, कोकणी सगळं एकत्र कालवलेली ती बोली आता बोलणारं कुणी उरलेलं नाही, पण अब्बा पंखा लावायला सांगताना अजून कधीकधी 'हाबेस' म्हणतात. ते मिनिकॉयवाले १९८० च्या दशकात उतरून गेले. पत्र नाही, फोन नाही. आज ते हयात आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक. अब्बांना ते विचारायचं आहे, आणि विचारायला जायचं आहे ते विमानानं नाही, जहाजानं.

क्रूझचा मोह मात्र खरा आहे. लेक नववीत आहे आणि तिनं सगळी माहिती काढून ठेवली होती. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागलं. हे जहाज १९९० सालचं, 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं अमेरिकन कंपनीसाठी बांधलेलं. अकरा मजले, ७९६ खोल्या, नाट्यगृह, तलाव, लहान मुलांसाठी भिंत चढायची सोय. त्याआधी २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' आलं होतं. मुंबईतल्या मध्यमवर्गाला आपल्याच धक्क्यावरून जहाजात बसता येतं, ही गोष्ट मला मनापासून आवडते. आमच्या दादी हजला आगबोटीनं गेल्या होत्या, मुंबई ते जेद्दा आठवडाभराचा प्रवास. १९९५ नंतर हजची जहाजं बंद झाली. कोकणातल्या आगबोटी त्याच्या आधीच थकल्या होत्या. 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ ला रेवसजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि तरीही पुढची कित्येक वर्षं लोक भाऊच्या धक्क्यावर रांगा लावत होते, कारण गावाला जायला दुसरं होतं काय? जहाज ही गरिबाची एसटी होती. आता ते श्रीमंताचं हॉटेल झालंय, हे म्हणणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. मी त्या लाऊंजची छायाचित्रं पाहून नाक मुरडणाऱ्यांतली नाही.

धार्मिक अडचणही मला फार मोठी वाटत नाही. जहाजावर बार असतो, कॅसिनो असतो. परळच्या गल्लीतही परमिट रूम आहे, तिच्या शेजारून मी रोज शाळेत जाते. नमाज जहाजावर होते. चक्कर येत असेल तर बसून होते, प्रवासात कस्र होते, किब्ल्यासाठी होकायंत्र आहे आणि अब्बा आहेत. जेवणात हलालची खात्री नसेल तर मासे आहेत. नात्यातल्या एका बाईंनी मात्र वेगळाच मुद्दा काढला, "एवढ्या पैशात थोडी भर घालून उमराह झाला असता." हा टोमणा आमच्या समाजात कुठल्याही सुट्टीला पुरतो. मी म्हटलं, इन्शाअल्लाह तोही होईल. वडिलांना त्यांचा जहाजावरचा सोबती शोधायला घेऊन जाणं हे कुठल्या खात्यात जमा होतं, ते लिहिणारे फरिश्ते बघतील.

माझं अडलं ते भूगोलाशी.

लक्षद्वीप म्हणजे ३६ बेटं, वस्ती फक्त १० वर, सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. अगत्तीवर साडेसात हजारांच्या आसपास माणसं राहतात आणि ते बेट आठ किलोमीटरही लांब नाही. मोठी क्रूझ खारकच्छाच्या आत येऊ शकत नाही, प्रवाळाचा कडा आडवा असतो. ती बाहेर नांगर टाकते आणि माणसं छोट्या बोटींनी किनाऱ्यावर आणली जातात. ७९६ खोल्यांचं जहाज भरलेलं असेल तर दीड हजार माणसं सहज होतात. सगळी उतरत नसतील. तरी हिशेब करून बघा, सकाळच्या दोन-तीन तासांत बेटाच्या वस्तीच्या दहाव्या हिश्श्याएवढी माणसं आली आणि सूर्य कलताना निघून गेली. परळ गावात गणपतीच्या दिवसांत काय होतं ते आपल्याला माहीत आहे, पण ते आपले पाहुणे, आपला सण. आणि आपल्याकडे नळ आहे.

या बेटांवर नदी नाही, तलाव नाही, डोंगर नाही. समुद्रसपाटीपासून एक-दोन मीटर उंचीची वाळू आणि तिच्याखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर, जो खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. विहिरीतून जास्त उपसा केला की खालून खारं पाणी वर चढतं. २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राच्या तापमानातला फरक वापरून गोडं पाणी करणारा प्रकल्प बसला, रोज १ लाख लिटरचा. तो बसला तेव्हा देशभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण कवरत्तीची वस्ती ११ हजारांच्या घरात आहे. भागाकार केला तर माणशी नऊ लिटर. आमच्या चाळीत पहाटे साडेचारला नळ येतो आणि पावणेसहाला जातो, त्यामुळे हा भागाकार मला कागद न घेता जमतो.

क्रूझच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आपलं पाणी, आपलं जेवण, आपली झोपायची जागा बरोबर घेऊन येते. रात्री तिचे प्रवासी बेटावर भार टाकत नाहीत. नवरा हिशेबी माणूस आहे, त्याचं मत याच मुद्द्यावर क्रूझकडे झुकलं. "आपण त्यांच्या घरात राहत नाही, त्यांच्या नळाचं पाणी पीत नाही. मग त्रास कसला?" मी म्हटलं, त्रास नाही आणि फायदाही नाही. बेटावरच्या माणसाच्या हाती उरतं काय? बोटीचं भाडं, शहाळं, एखाद-दुसरी काचेची तळ असलेल्या होडीची फेरी.

आता सरकारी जहाज. लक्षद्वीप प्रशासनाची पर्यटन संस्था १९८२ पासून आहे, तिचं लघुनाव 'स्पोर्ट्स'. तिची 'समुद्रम' नावाची पाच दिवसांची सहल एम. व्ही. कवरत्ती या ७०० प्रवाशांच्या जहाजानं होते. रात्री जहाजात, दिवसा बेटावर, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. जेवण बेटावरचे लोक रांधतात, नारळ आणि कुपा मासा, म्हणजे ज्याला हॉटेलात टूना म्हणतात तो. मिनिकॉयला १८८५ सालचा दीपस्तंभ आहे, कवरत्तीला उज्रा मशीद आहे, तिच्या लाकडी छतावरचं कोरीवकाम पाहायला माणसं लांबून येतात. म्हणजे अब्बांना हवं ते बेट या यादीत आहे, क्रूझच्या यादीत नाही. प्रश्न इथेच सुटायला हवा होता.

पण एम. व्ही. कवरत्ती हे पर्यटकांसाठी बांधलेलं जहाज नाही. ते बेटावरच्या लोकांचं जहाज आहे. बाळंतपणासाठी, ऑपरेशनसाठी, कॉलेजसाठी, सिमेंटच्या चौकशीसाठी, लग्नाच्या कपड्यांसाठी बेटावरचा माणूस कोचीला जातो तो याच जहाजांनी. अगदीच जीवावर बेतलं तर हेलिकॉप्टर असतं, पण किमोचे सहा फेरे कुणी हेलिकॉप्टरनं करत नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये याच जहाजाच्या इंजिनखोलीत आग लागली. सगळे वाचले, पण एक जहाज अडलं की दहा बेटांची माणसं अडतात. जहाजं कमी आहेत, तिकिटं मिळत नाहीत, ही बेटवासीयांची तक्रार वर्षानुवर्षांची आहे.

परळमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. केईएम १९२६ पासून आहे, टाटा १९४१ पासून, आणि या दोन इस्पितळांच्या भोवतीच्या फुटपाथवर मालदा, दरभंगा, गोंडा, नांदेडहून आलेली माणसं फायली उशाला घेऊन झोपलेली असतात. मी त्यांच्या अंगावरून पाय न पडू देता चालायला लहानपणीच शिकले. त्यांतल्या अनेकांना परतीचं रेल्वे आरक्षण मिळत नाही, म्हणून दोन-दोन दिवस जास्त राहावं लागतं. अशा माणसाची बर्थ मी माथेरानला जायला घेतली असती का? मग कोचीला उपचार संपवून घरी निघालेल्या अगत्तीच्या बाईचा बंक मी मिनिकॉय बघायला कसा घेऊ? सहलीसाठी जागा वेगळ्या राखलेल्या असतात, हे मला मान्य आहे. पण राखलेली जागा कुठून तरी काढूनच राखलेली असते.

इथे लेक म्हणाली, "म्हणजे जायचंच नाही का?" बरोबर होतं तिचं. नैतिकतेच्या नावाखाली घरात बसून राहणं हाही एक आळसच आहे. आणि मला स्वतःला तिथे जायचंच होतं, ते वेगळ्या कारणासाठी.

बेटांवरची ९६ टक्क्यांहून अधिक वस्ती मुसलमानांची आहे. परंपरा सांगते की शेख उबैदुल्लाह इथे इस्लाम घेऊन आले, त्यांची मजार अंद्रोतला आहे. आणि हा सुन्नी, शाफई मसलकचा समाज, म्हणजे बहुतेक कोकणी मुसलमानांचाच मसलक, मातृवंशीय आहे. मूल आईच्या घराण्याचं. लग्न झालं तरी मुलगी आईच्या घरातच राहते. बहुतेक बेटांवर जुनी रीत अशी की नवरा रात्री बायकोच्या घरी येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी जातो. मिनिकॉयला तो बायकोच्याच घरी राहायला जातो. मालमत्तेचे दोन प्रकार, आणि त्यांची नावं ऐकून मी वही उघडून लिहून ठेवली. घराण्याची, आईकडून लेकीकडे वाहणारी ती 'शुक्रवारची मालमत्ता'. स्वतः कमावलेली, शरीअतनुसार वाटली जाणारी ती 'सोमवारची मालमत्ता'. दोन्ही कायदे एका घरात, शतकानुशतकं. कण्णूरचं अरक्कल हे मुस्लिम राजघराणं, ज्याची या बेटांवर दीर्घकाळ सत्ता होती, त्याच्याही गादीवर स्त्रिया बसत. १७८७ मध्ये अमीनीकडची बेटं टिपू सुलतानाकडे गेली, पुढे इंग्रजांकडे, पण घर आईचंच राहिलं.

हे भारतभर कळलं ते लीला दुबे यांच्या 'मॅट्रिलिनी अँड इस्लाम' या १९६९ च्या पुस्तकामुळे. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे मराठी घरातल्या, गायिका सुमती मुटाटकर यांची धाकटी बहीण. आमच्या समाजातल्या किती जणींनी हे पुस्तक ऐकलंय? मुस्लिम स्त्रीवर टीव्हीवर तासन्‌तास चर्चा होते, त्यात कुणी या ६४ हजार लोकांचं नाव घेत नाही. कारण ती माहिती दोन्ही बाजूंना गैरसोयीची आहे. 'इस्लाममध्ये बाईला घर नसतं' म्हणणाऱ्यालाही आणि 'बाईनं सासरी कसं राहावं हे धर्मानं ठरवलंय' म्हणणाऱ्यालाही.

मला यात अम्मी आठवते. अब्बा तीस वर्षं समुद्रावर होते तेव्हा घर, शेती, भाऊबंदकी, आमची शिक्षणं, सगळं तिनं मनीऑर्डरीच्या तारखा मोजत चालवलं. गावचं घर उभं राहिलं ते तिच्या देखरेखीखाली, दगड तिनं मोजून घेतला. घर मात्र तिच्या नावावर कधी नव्हतं, आणि ती गेली तेव्हा कागदावर तिचं असं काहीच नव्हतं. मिनिकॉयच्या खलाशाची बायकोही अशीच एकटी घर चालवायची. फरक एवढाच की घर तिचं होतं. दोन किनारे, एकच धंदा, एकच मसलक. तिथे गावागावांत पुरुषांचा मुखिया असतो तशी बायकांची वेगळी मुखिया असते. मला त्या बायकांच्या बैठकीत एकदा बसायचं आहे, भाषा येत नसली तरी.

या समाजाला गेल्या काही वर्षांत काय काय ऐकावं लागलं, तेही तिकीट काढणाऱ्यानं माहीत करून घ्यावं. २०२१ मध्ये प्रशासनानं विकास प्राधिकरणाचा, गोवंशाचा, पंचायत निवडणुकीसाठी दोन अपत्यांच्या अटीचा असे मसुदे आणले. दारूबंदी असलेल्या बेटांवर पर्यटनासाठी दारूची दारं उघडायचा विषय निघाला. लोकांनी ७ जूनला घराघरांत बारा तासांचा उपास केला, केरळ विधानसभेनं एकमतानं ठराव केला. शाळेच्या जेवणातून मांस काढलं गेलं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२३ मध्ये याचिका फेटाळली गेली. मी शाळेत पोषण आहार वाढताना रोज बघते, ताटात काय आहे यावर मूल येतं की नाही ठरतं. मग २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांची छायाचित्रं आली, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी तोंड सोडलं, ते निलंबित झाले, आणि एका आठवड्यात सगळा देश लक्षद्वीपच्या किनाऱ्याचा देशभक्त झाला. मालदीवला धडा शिकवायला म्हणून लक्षद्वीप! बेटावरच्या माणसानं पाणी मागितलं होतं, जहाज मागितलं होतं.

आणि खालचा प्रवाळ तर आधीच आजारी आहे. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४, चार वेळा समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरा पडला. ही बेटं प्रवाळावरच उभी आहेत. तो मेला की लाटा थेट वाळूवर. बंगारम शेजारी 'परळी' नावाची निर्जन ठिपक्याएवढी बेटं आहेत. त्यांतलं एक झिजून पूर्ण नाहीसं झालं, हे २०१७ मध्ये संशोधनातून पुढे आलं. परळी गेलं पाण्यात आणि परळ गेलं भरणीत. नावाचा हा निव्वळ योगायोग आहे, पण परळच्या बाईच्या लक्षात तो राहणारच.

शेवटी आम्ही ठरवलं ते असं. सरकारी जहाज, 'समुद्रम', मिनिकॉयसह. पण मे महिन्याच्या सुट्टीत नाही. मे महिन्यात केरळात शिकणारी बेटांवरची मुलं घरी जातात, आणि लगेच मागे पावसाळा असतो. तेव्हा ते बंक त्यांचे. रमजानमध्येही नाही. यजमान रोजे धरून असताना त्यांनी आपल्याला दुपारचं जेवण वाढावं, हे मला पचणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत, आणि जागा मिळाल्या तरच. नाही मिळाल्या तर पुढची दिवाळी. नवऱ्यानं एवढीच अट घातली की परतताना कोची-मुंबई विमान, कारण चार रात्री हेलकावे खाल्ल्यावर त्याला रेल्वे नको. लेकीला तिची क्रूझ दहावीनंतर गोव्यापर्यंत कबूल केली आहे. गोवा पेलेल तिला.

तुम्ही जाणार असाल तर दोन-चार गोष्टी. १९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो, तो सहलीबरोबर काढून दिला जातो, पण ओळखपत्रांवरची नावं नीट जुळवून घ्या. आपल्याकडे 'शेख' कधी पुढे असतो कधी मागे, त्यावर फाइल अडते. वस्तीच्या बेटावर दारू नेऊ नका आणि अंगभर कपडे घाला, हे बिगरमुस्लिम वाचकांनाच नाही, सुट्टीवर निघालेल्या आपल्या मुलांनाही सांगते आहे. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलणं गुन्हा आहे. प्लास्टिक बरोबर परत आणा, तिथे टाकायला जागाच नाही.

माझी खरी काळजी उतरण्याची आहे. समुद्र साथ देत नसेल तर जहाज बाहेर उभं राहतं आणि खाली हलत्या होडीत उतरावं लागतं, आणि अब्बांच्या उजव्या गुडघ्यात दम नाही. हे मी त्यांना भीतभीत सांगितलं. त्यांनी मलाच धडा दिला. होडीकडे बघायचं नाही, लाटेकडे बघायचं. लाट होडीला वर घेऊन येते, ती वर टेकली की पाय टाकायचा, खाली जाताना कधीच नाही. दोन्ही हात मोकळे ठेवायचे, पिशवी दुसऱ्यानं टाकायची. मग म्हणाले, तू आणि पोरगी हे जिन्यावर रोज करून बघा, माझं सोड. आणि मिनिकॉयला बोट किती तास थांबते ते नीट विचारून ठेव. घर शोधायला वेळ लागेल, गावाचं नाव मला अर्धंच आठवतंय.